तिरंग्याचा केशरी आणि पडद्यावरचा केशरी

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठी फडकणाऱ्या तिरंग्याचा केशरी रंग संगणकावर उतरवायचा झाल्यास अनेक जण टेक्स्ट एडिटरमध्ये ‘एफएफ९९३३’ हा संकेतांक लिहितात. हाच संकेतांक दोन पडद्यांवर दोन निराळ्या छटा दाखवू शकतो. आकडा एक असताना रंग दोन का दिसावेत, याचे उत्तर मानकांच्या इतिहासात आहे.

रंग आकड्यांत बांधण्याचे काम १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने केले. त्याला आधार होता इंग्लंडमधील दोन प्रयोगमालिकांचा: डेव्हिड राइट यांचे १० निरीक्षक आणि जॉन गिल्ड यांचे ७. अवघ्या १७ जणांच्या दृष्टीवरून ‘प्रमाण निरीक्षक’ सिद्ध झाला. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तिरंगा स्वीकारला आणि १९५१ मध्ये भारतीय मानक संस्थेचे क्रमांक १ चे मानक ध्वजासाठीच निघाले. त्यात केशरी रंगाचे निर्देशांक ०.५३८ व ०.३६०, तर तेजस्विता २१.५ अशी ठरली; कोणत्या प्रमाण प्रकाशात मोजायचे, हेही ठरले.

संगणकाने मात्र सुरुवातीस केवळ नावे घेतली. १९७९ च्या अमेरिकी मानकात अक्षरांच्या रंगांसाठी ३० ते ३७ हे अंक होते. ३३ म्हणजे ‘पिवळा’. कोणता पिवळा, हे यंत्रावर सोडलेले. आयबीएमच्या १९८१ च्या रंगीत कार्डावर ६ क्रमांकाचा रंग गणिताने गडद पिवळा होता. आयबीएमच्या ५१५३ मॉनिटरमधील खास जोडणी त्यातील हिरवा घटक घटवून तो तपकिरी करी. ती जोडणी नसलेल्या मॉनिटरवर तो पिवळाच राही. पुढे २००९ पर्यंत मॅकचा प्रमाण गॅमा १.८ होता, तर विंडोजवर २.२ प्रचलित होता. साहजिकच एकच चित्र मॅकवर उजळ दिसे.

१९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘एसआरजीबी’ ही व्यवस्था सुचवली. १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तीन मूळ रंग, पांढरा बिंदू आणि आकड्यातून तेज काढण्याचे सूत्र तिने निश्चित केले. तरीही एडिटरने ‘हे आकडे एसआरजीबीचे आहेत’ असे कार्यप्रणालीला सांगावे लागते. तसे सांगितल्यास कार्यप्रणाली पडद्याच्या गुणधर्मांनुसार आकडे बदलून पाठवते. न सांगितल्यास विस्तृत रंगपल्ल्याचा पडदा तेच आकडे स्वतःच्या मूळ रंगांत वाचतो आणि केशरी भडक होतो. ईमॅक्स या जुन्या एडिटरच्या मॅक आवृत्तीत आकडे एसआरजीबी म्हणून वाचण्याची सोय याचसाठी आहे.

अर्थ असा निश्चित झाला, की पडताळणीही करता येते. एसआरजीबीच्या सूत्राने ‘एफएफ९९३३’चे निर्देशांक सुमारे ०.५०० व ०.४१६ येतात आणि तेजस्विता पडद्याच्या पांढऱ्याच्या ४४ टक्के भरते. ध्वजमानकात पांढऱ्याची तेजस्विता ७२.६ आहे, म्हणजे केशरी तिच्या सुमारे ३० टक्के. दोन्हीकडचा प्रमाण प्रकाश थोडा निराळा असला, तरी त्याने एवढे अंतर भरून निघत नाही. प्रचलित संकेतांक मानकातील केशरीपेक्षा बराच उजळ आणि पिवळसर आहे. सर्व पडदे एकमताने तो दाखवू लागले, तरी तो कापडावरचा केशरी ठरत नाही. पडद्यांमधील एकवाक्यता आणि मूळ रंगाशी इमान या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, आणि प्रत्येक कसोटी स्वतंत्रपणे मोजूनच पाहावी लागते.