अंजिरांनीं पोसलेला शब्द

साम्राज्यें लयास जातात, पण त्यांच्या पाकशाळेंतला एखादा शब्द मात्र लोकांच्या जिभेवर टिकून राहतो. लॅटिन भाषेंतील ‘फिकातुम्’ हा असाच एक शब्द होय.

लॅटिनमध्यें यकृताचें मूळचें नांव ‘इएकुर’. तें आपल्या ‘यकृत्’ शब्दाचें सख्खें भावंड आहे. नुसत्या ध्वनिसाम्यावर विसंबूं नका. रूपें चालवून पाहा. ‘यकृत्’ शब्दास द्वितीयेच्या बहुवचनापासून विकल्पानें ‘यकन्’ असा आदेश पाणिनीनें सांगितला आहे. म्हणून षष्ठींत ‘यक्नः’ होतें. तिकडे ‘इएकुर’ची षष्ठी ‘इएकिनोरिस्’ अशीहि होते. दोन्हीकडे प्रथमेंत रकाराची छटा आणि पुढें नकार! इतकी विचित्र खोड योगायोगानें जुळत नाहीं.

मग हें कुलीन नांव लोपलें कसें? हंसांना अंजिरें चारून त्यांचें यकृत पुष्ट करण्याची कला ग्रीकांकडून रोमन लोकांनीं उचलली. होरेस कवीनें (इ. स. पू. ६५–८) एका मेजवानीच्या वर्णनांत या पदार्थाचा उल्लेख केला आहे. आपिकिउस नामक खवय्यानें हाच प्रयोग डुकरिणींवर केला, असें इ. स. ७९ मध्यें वारलेला प्लिनी सांगतो.

अंजीर म्हणजे ‘फिकुस्’. त्यावरून ‘फिकातुम्’, म्हणजे अंजिरांनीं पोसलेलें. ‘इएकुर’ नपुंसकलिंगी, म्हणून विशेषणहि नपुंसकलिंगी. पुढें विशेष्य गळालें आणि विशेषणच नाम होऊन बसलें. आपण ‘तिखट’ म्हणून मिरचीची पूड मागतों, तेव्हां हेंच घडतें.

पुढें ‘फिकातुम्’चा अर्थ विस्तारून तें कोणत्याहि प्राण्याच्या, किंबहुना मनुष्याच्याहि यकृताचें नांव झालें. इटालियन ‘फेगातो’, स्पॅनिश ‘इगादो’, रुमानियन ‘फिकात’, फ्रेंच ‘फ्वा’ हीं सर्व त्याचींच अपत्यें. ज्या शेतकऱ्यानें हंसाचें मांस कधीं चाखलें नाहीं, त्याच्याहि देहांत श्रीमंतांच्या ताटांतला हा शब्द जाऊन बसला. आणि ‘इएकुर’ ग्रंथांत उरला.

इटालियन मनुष्य शूराविषयीं बोलतांना त्याला ‘फेगातो’ आहे असें म्हणतो, जसें आपण वाघाचें काळीज म्हणतों. त्या वीरश्रीच्या पोटीं दडलेलीं अंजिरें मात्र आतां कोणास आठवत नाहींत. शब्दांचा इतिहास वाचावयाचा तो याचसाठीं: राजदरबाराच्या बखरींत जें लिहिलें जात नाहीं, तें स्वयंपाकघराच्या भाषेंत टिकून राहतें.