‘गो’चा ‘वेन्ट’शीं संबंध काय?

इंग्रजी शिकूं लागलेलीं बहुतेक मुलें केव्हां ना केव्हां ‘गो’चें भूतकाळीं रूप ‘गोएड’ असें लिहितात आणि तांबड्या शाईची रेघ पदरांत घेतात. वस्तुतः त्यांचा तर्क बिनचूक असतो. घोटाळा आहे तो भाषेच्या इतिहासांत. प्राचीन इंग्रजींत ‘गेला’ या अर्थीं ‘एओडे’ असा भलताच शब्द होता. ‘वेन्ड’ म्हणजे वळणें, वाट धरणें, हें क्रियापद स्वतंत्र. ‘सेन्ड’चें ‘सेन्ट’ तसें त्याचें ‘वेन्ट’. इ. स. १५०० च्या सुमारास तें रूप ‘गो’नें बळकाविलें आणि बिचाऱ्या ‘वेन्ड’ला ‘वेन्डेड’ या नव्या रूपावर भागवावें लागलें. आज तें एखाद्या ठराविक वाक्प्रचारांतच भेटतें. स्कॉटलंडांत मात्र ‘गे’चें ‘गेड’ असें सरळ रूप रूढ झालें. म्हणजे इकडे चुकलेला विद्यार्थी तिकडे बराचसा बरोबर ठरता!

मराठी शिक्षकानें तरी यास हसूं नये. ‘जातो’ हें संस्कृत ‘या’ धातूपासून निघालें, तर ‘गेला’ हें ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून. पण ‘जा’चें ‘गेला’ कसें झालें, असें घरांत कोणी विचारीत नाहीं. तें आईच्या तोंडून कानीं पडलेलें असतें.