दक्षिण ट्रॅपखालील भूसंरचना : अभ्यासाचा इतिहास

महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापणाऱ्या बेसाल्टी लाव्हा थरांच्या राशीस दक्षिण ट्रॅप म्हणतात. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून साचलेली ही राशी आज सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्रावर पसरलेली आहे. सह्याद्रीत तिची जाडी एक हजार मीटरांहून अधिक असून पूर्वेकडे ती कमी होत जाते. तिच्याखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन खडकांची रचना कशी आहे, हा प्रश्न दीर्घकाळ केवळ तर्काचा विषय होता.

संरचनात्मक भूविज्ञानात थरांची नती, घड्या व विभंग यांची पृष्ठभागावर पाहणी करून खोलवरची रचना ताडतात. ट्रॅपचे थर मात्र बहुतांशी आडवे व एकासारखे एक आहेत. पनवेलनजीक ते पश्चिमेकडे कललेले आढळतात, पण असे अपवाद थोडे. घड्या दिसत नाहीत आणि विभंगाच्या दोन्ही बाजूंचा खडक सारखाच असल्याने तो सहज ओळखू येत नाही. पृष्ठभागाच्या या शांततेमुळे भारतीय द्वीपकल्प हा स्थिर ढालप्रदेश होय, ही समजूत दृढ झाली.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात झालेल्या ६·३ महत्तेच्या भूकंपाने या समजुतीस धक्का बसला. त्यात सु. २०० माणसे मृत्युमुखी पडली. धरणाच्या दक्षिणेस जमिनीला एकाआड एक तिरकस भेगा पडल्या होत्या. त्यांची मांडणी व भूकंप तरंगांच्या नोंदी यांवरून उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य दिशेने जाणाऱ्या विभंगावर खडकांची आडवी सरक झाली असावी, असे अनुमान निघाले. भूकंपाचे कारण जलाशयात आहे की भूकवचात, हा वाद त्यानंतर बराच गाजला. साठलेल्या पाण्याने आधीच ताणाखाली असलेला विभंग चाळवला, हे मत पुढे सर्वसाधारणपणे मान्य झाले. परंतु त्यासाठी मुळात विभंग असावा लागतो आणि तो ट्रॅपखाली होता.

येथून भूभौतिकीय पद्धतींस महत्त्व आले. कोयना व कुर्डुवाडी भागांत गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा कमी भरते. १९७३ मध्ये कृष्ण ब्रह्मम व नेगी यांनी त्यावरून ट्रॅपखाली दोन खचदऱ्या दडलेल्या असाव्यात, असे सुचविले. कल्पना आकर्षक होती. तथापि गुरुत्वमापनात एकाच आकड्याची अनेक स्पष्टीकरणे संभवतात, ही या पद्धतीची मूळ अडचण होय. १९७० नंतरच्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने गुहागर–चोरोची व केळशी–लोणी या रेषांवर सुरुंग उडवून कृत्रिम तरंगांनी भूकवचाची जाडी मोजली. ती सु. ३५ ते ४० किमी. भरली.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी येथे ६·२ महत्तेचा भूकंप झाला. तेथे मोठा जलाशय नव्हता, नकाशावर विभंग नव्हता आणि हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणलेला होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळून हजारो लोक मरण पावले. पुढे घेतलेल्या वेधनछिद्रात ३३८ मी. बेसाल्ट व त्याखाली जेमतेम ८ मी. गाळाचा खडक लागून लगेच प्राचीन तळखडक आढळला. २००२ च्या सुधारित नकाशात सर्वांत कमी धोक्याचा तो विभागच काढून टाकण्यात आला.

कोयना परिसरातील पहिल्या खोल वेधनात सु. ९३३ मीटरांवर बेसाल्ट संपून थेट ग्रॅनाइट लागला. खचदरीत अपेक्षित असलेला गाळ तेथे मिळाला नाही. २०१७ मध्ये गोठणेजवळील प्राथमिक वेधनछिद्र ३,०१४ मीटरांपर्यंत नेण्यात आले. त्यात तळखडक १,२४७ मीटरांवर लागला. कोयनेतील बरेच भूकंप याहून खोल उगम पावतात.