घड्याळाच्या टिकटिकीची वंशावळ

ताशी ६० मैल वेगाने धावणाऱ्या नव्या रोल्स-रॉइसमध्ये सर्वांत मोठा आवाज येतो तो विजेच्या घड्याळाचा, या आशयाचे जे शीर्षक डेव्हिड ओगिल्वी यांनी १९५८ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये बसून एका जाहिरातीच्या माथ्यावर घातले, ते जाहिरातविद्येच्या ग्रंथांत अद्यापि प्रतिभेचा नमुना म्हणून मिरवत असते. परंतु त्याच्या कुळाचा तपास करू लागले म्हणजे असे आढळून येते की, हे अपत्य ओगिल्वींच्या घरी दत्तक आलेले आहे.

मूळ पुरुष शोधायचा तर १९०७ सालापर्यंत मागे जावे लागते. कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन हे मोठे धोरणी गृहस्थ. आपल्या मालाची तारीफ आपणच करण्यापेक्षा तो पंचांपुढे रुजू करावा आणि त्यांच्या निवाड्याचा डंका पिटावा, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यांनी एका गाडीला रुपेरी रंग दिला, तिचे बाह्य साज चांदीच्या मुलाम्याने मढविले, ‘सिल्व्हर घोस्ट’ असे तिचे नामकरण केले आणि ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखाली ती सुमारे १५,००० मैल पळविली. त्यानंतर ती सांध्यासांध्यातून उकलून, झिजलेले भाग नव्यासारखे करण्याचा खर्च मोजला तो अवघा २ पौंड, २ शिलिंग आणि ७ पेन्स भरला. त्याच वर्षी ‘ऑटोकार’ साप्ताहिकाच्या परीक्षकाने, गाडी चालती असो वा उभी, आठ दिवसांच्या चावीच्या घड्याळाहून मोठा आवाज कानी पडत नाही, अशी साक्ष लिहून ठेवली. घड्याळाचा या कुळात प्रवेश झाला तो येथे. पुढे १९०८ मध्ये आपल्याकडील मुंबई-कोल्हापूर कसोटीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या सिल्व्हर घोस्टने घाटांची चढउतार करून बाजी मारली व ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती खरेदी केली, हेही त्या शिरस्त्याला साजेसेच झाले.

मधली पिढी अमेरिकेची. १९३३ मध्ये पिअर्स-ॲरो या तिकडील श्रीमंती गाडीच्या जाहिरातीत, आत ऐकू येते ती केवळ विजेच्या घड्याळाची टिकटिक, असे छापून आले. पुढे इंग्लंडातील ‘द मोटर’ नियतकालिकाच्या तांत्रिक संपादकाने रोल्स-रॉइसविषयी तोच अभिप्राय दिला आणि तो ओगिल्वींच्या हाती लागला.

हाती लागला म्हणजे आयता मिळाला, असे मात्र नव्हे. त्यासाठी हा मनुष्य तीन आठवडे गाडीविषयीची कागदपत्रे चाळीत बसला होता. २६ शीर्षकांचे मसुदे झाले, त्यांतून हे एक निवडले गेले, आणि त्याखाली ६०७ शब्दांचा मजकूर क्रमांकवार कलमांत मांडला गेला. ही कलमे एखाद्या पाहणी-अहवालासारखी कोरडी आहेत, आणि त्यांची खरी मौज त्या कोरडेपणातच आहे. प्रत्येक इंजिन गाडीत बसविण्यापूर्वी सात तास पूर्ण जोराने चालविले जाते. रंगाच्या अस्तराचे पाच हात दिले जातात, दर दोन हातांमध्ये पृष्ठभाग हाताने घासला जातो आणि मग वर अंतिम रंगाचे नऊ हात चढतात. आसाची घरघर हुडकण्यासाठी अभियंते डॉक्टरांची कर्णनळी लावतात. या सर्वांहून मला खुमासदार वाटते ते बेंटलेचे कलम: तीही याच कारखान्याची, पुढची जाळी वगळता हुबेहूब तीच गाडी, सबब ज्यांना रोल्स-रॉइस चालविण्याचा संकोच वाटत असेल त्यांनी बेंटले घ्यावी. ऐश्वर्याच्या संकोचालाही गिऱ्हाईक मानणारा हा विक्रेता पूर्वी स्कॉटलंडात दारोदार फिरून चुली विकीत असे, हे येथे ध्यानात येते.

जाहिरात वाचून कारखान्यातील प्रमुख अभियंत्याने खिन्नपणे मान हलविली आणि त्या घड्याळाचा आता काहीतरी बंदोबस्त केला पाहिजे, असे उद्गार काढले, अशी हकिकत ओगिल्वींनीच नोंदविली आहे. अभियंत्याला स्तुती ऐकू आली नाही, तक्रार तेवढी ऐकू आली! व्यापाऱ्यांच्या कानांनी मात्र नेमके उलट टिपले. १९६५ मध्ये फोर्ड कंपनीने ध्वनिमापक यंत्रे लावून, आपली गाडी रोल्स-रॉइसपेक्षाही शांत आहे, अशी ग्वाही अमेरिकाभर फिरविली. आणि त्यापायी स्वतःच्या खजिन्यातून पैसा ओतून प्रतिस्पर्ध्याचे नाव घरोघरी पोचविले.