कंगोऱ्यांवर लिहिलेले वय

स्कॅलप हा कंगोरेदार काठाचा शिंपला. कापडाच्या लहरदार काठालाही इंग्रजीत त्याचेच नाव मिळाले. शिंपला काठाकडे वाढत जातो. थंड समुद्रात हिवाळ्यात वाढ मंदावते व वलय उमटते. वलये मोजून आपण त्याचे वय सांगू शकतो.

ब्रिटनजवळील आइल ऑफ मॅनच्या समुद्रात १९३७ साली स्कॅलप पकडण्याचा धंदा सुरू झाला. लोखंडी दातांची जाळी तळ खरवडू लागली आणि पुष्कळ वलयांचे शिंपले दुर्मिळ झाले. १९८९ साली पोर्ट एरिनजवळचा सुमारे २ चौरस किलोमीटर तळ या जाळ्यांना बंद झाला. तिथे वयस्क शिंपले पुन्हा वाढले. मोठा शिंपला अंडीही जास्त घालतो. म्हणून किती पकडावे, यापेक्षा कोणते राखावे, हे आपण आधी ठरवायला हवे.