नायकाच्या सावलीतली माणसे

इतिहास शिकवणाऱ्या माणसाने मुलांच्या चित्रकथांवर का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी कुणाला पडला तर तो रास्तच आहे. पण इतिहास म्हणजे काही केवळ राजे, लढाया आणि तह नव्हेत. गोष्ट कुणाची सांगायची आणि कुणाला कोपऱ्यात उभे करायचे, हा निर्णय ज्या ज्या ठिकाणी होतो, त्या त्या ठिकाणी इतिहास घडत असतो. आपल्याकडे तुळशीदास शाहिराने पोवाडा केला तो तानाजीचा. महाराज त्यात आहेत, पण डफ वाजतो तो मालुसऱ्यांसाठी. नायक बाजूला सरकतो आणि त्याच्या मागे उभा असलेला माणूस पुढे येतो. असे झाले की सारी गोष्टच निराळी दिसू लागते. आज मी आपल्याला याचेच एक परदेशी उदाहरण सांगणार आहे. ते आहे इंग्लंडमधल्या एका विज्ञानकथांच्या चित्रसाप्ताहिकाचे.

या साप्ताहिकाचे नाव ‘२००० ए. डी.’ असे आहे. पहिला अंक १९७७ च्या फेब्रुवारीत, लंडनच्या आय. पी. सी. या प्रकाशन-संस्थेने काढला. किंमत आठ पेन्स. त्याच्या आदल्याच वर्षी या संस्थेने ‘ॲक्शन’ नावाचे साप्ताहिक काढले होते. त्यातल्या मारामारीवरून इतका गदारोळ उठला, की १९७६ च्या ऑक्टोबरात ते मागे घ्यावे लागले आणि पुढे सौम्य करून पुन्हा आणावे लागले. दोन्ही साप्ताहिकांची उभारणी पॅट मिल्स या एकाच लेखकाची. आजच्या जगाबद्दल स्पष्ट बोलले की लोक रागावतात, पण तीच गोष्ट उद्याच्या जगाची म्हणून सांगितली तर खपून जाते. विज्ञानकथेचा हा उपयोग फार जुना आहे.

या साप्ताहिकाचा सर्वांत प्रसिद्ध नायक म्हणजे ‘जज ड्रेड’. गंमत पाहा, पहिल्या अंकात तो नव्हताच! तिथे मान होता तो १९५० सालापासून इंग्रज मुलांच्या ओळखीचा असलेला अंतराळवीर डॅन डेअर याला. ड्रेड आला दुसऱ्या अंकात. त्याचा लेखक जॉन वॅग्नर, आणि त्याचे रूप ठरवले कार्लोस एझ्केरा या स्पॅनिश चित्रकाराने. मात्र छापली गेलेली पहिली कथा माइक मॅकमहॉन या तरुण चित्रकाराने काढलेली होती. एझ्केरा याला ते लागले आणि तो काही काळ ड्रेडपासून दूरच राहिला.

हा ड्रेड कोण, ते थोडक्यात सांगतो. भविष्यकाळात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ‘मेगा-सिटी वन’ नावाचे एक अवाढव्य नगर आहे. बहुतेक कामे यंत्रमानव करतात, त्यामुळे बहुतेक माणसे बेकार आहेत. लोकशाही संपलेली आहे. सत्ता ‘जज’ लोकांच्या हाती. हा जज म्हणजे पोलीस, न्यायाधीश आणि शिक्षा देणारा असे तिन्ही एकाच पोशाखात! ड्रेड हा त्यांतला सर्वांत कडक. तो शिरस्त्राण काढत नाही, म्हणून त्याचा चेहरा वाचकाला दिसत नाही.

आता विचार करा. ज्याचा चेहरा दिसत नाही, ज्याला कधी शंका येत नाही, असा नायक दर आठवड्याला किती दिवस पुरणार? कायदा काय म्हणतो ते तो सांगेल. पण त्या कायद्याखाली राहणाऱ्या माणसाला काय वाटते, ते कोण सांगणार? इथे दुय्यम पात्रांचे काम सुरू होते. शिवाय एक व्यवहाराची अडचणही होती. साप्ताहिक दर आठवड्याला निघालेच पाहिजे, आणि पाच-सहा पानांची बारीक चित्रे काढायला चित्रकाराला पुष्कळदा आठवड्याहून अधिक वेळ लागतो. तेव्हा अंकाची पाने भरायला ओळखीच्या जगातली आणखी पात्रे हाताशी असणे सोयीचेच होते.

पहिला मान मिळाला तो वॉल्टर नावाच्या यंत्रमानवाला. हा ड्रेडच्या घरचा नोकर. बोलताना त्याला ‘र’ म्हणता येत नाही. १९७७ च्या एका कथेत यंत्रमानव बंड करतात, पण वॉल्टर माणसांच्या बाजूने राहतो. बक्षीस म्हणून त्याला स्वातंत्र्य दिले जाते. आणि तो काय मागतो? पुन्हा धन्याची चाकरी! १९७८ मध्ये त्याच्या स्वतःच्या छोट्या चित्रपट्ट्या छापल्या जाऊ लागल्या. त्या विनोदी होत्या. पण मोकळा झालेला नोकर आपण होऊन पुन्हा दाराशी येऊन उभा राहतो, यात हसण्यासारखे किती आणि खंत वाटण्यासारखे किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरे पात्र अँडरसन ही स्त्री. ती १९८० मध्ये एका कथेत ड्रेडची साहाय्यक म्हणून आली. दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची शक्ती तिला आहे. १९८५ पासून तिची स्वतंत्र मालिका सुरू झाली; ती मुख्यतः ॲलन ग्रँट याने लिहिली. ड्रेड आज्ञा पाळतो, अँडरसन प्रश्न विचारते. तिला हसू येते, दुःख होते, आपण करतो ते बरोबर की चूक अशी टोचणी लागते. एका टप्प्यावर तर ती हे काम आणि हे नगर सोडून निघूनच जाते. दोघांचा पोशाख एकच. पण बाजूच्या पात्राला स्वतःचे मन मिळाले, त्यामुळे त्या पोशाखाकडे पाहण्याची वाचकाची नजर बदलली.

तिसरा चॉपर. हा कुणी अधिकारी नाही, तो नगरातला एक बेकार पोरगा आहे. उंच उंच इमारतींच्या भिंतींवर रंगाने आपली खूण काढतो आणि पकडला जातो. ही १९८१ ची गोष्ट. त्या नगरात लाखो माणसे नावाशिवाय जगतात; आपण इथे आहोत एवढेच त्याला जगाला सांगायचे असते! ड्रेड त्याला तुरुंगात टाकतो. पण वाचकांच्या मनातून तो गेला नाही. पुढे तो हवेत तरंगणाऱ्या फळीवरच्या शर्यतींचा वीर होऊन परत आला, आणि १९८८ मध्ये त्याची स्वतःची मालिका निघाली. गुन्हेगार म्हणून आलेला मुलगा नायक झाला!

१९९० च्या ऑक्टोबरात याच जगावर ‘जज ड्रेड मेगझीन’ हे नवे नियतकालिक निघाले. त्याच्या पहिल्या अंकापासून सुरू झालेली वॅग्नरची ‘अमेरिका’ ही कथा मला फार महत्त्वाची वाटते. चित्रे कॉलिन मॅकनील याची. ‘अमेरिका’ हे इथे एका मुलीचे नाव आहे. बाहेरून आलेल्या गरीब आईबापांनी मोठ्या आशेने ठेवलेले. ती मोठी होऊन लोकशाहीसाठी शस्त्र हाती घेते. तिचा बालमित्र तिच्यावर प्रेम करतो, आणि तोच तिचा ठावठिकाणा जजांना कळवतो. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी ती मारली जाते. या कथेत ड्रेड आहे. पण कडेला, एखाद्या काळ्या भिंतीसारखा. तेरा वर्षे जो मध्यभागी उभा होता, तो इथे दुय्यम झाला. तेव्हा कुठे वाचकाला नीट कळले, की आपण इतकी वर्षे कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवत होतो!

आपल्याला हे अगदीच अनोळखी नाही. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ मध्ये आली आणि महाराष्ट्राने महाभारत कर्णाच्या बाजूने वाचले. कथा तीच होती. फक्त उभे राहण्याची जागा बदलली होती.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. चित्रांतली दुय्यम पात्रे पुढे येत होती. पण ती चित्रे काढणाऱ्या हातांचे काय? इंग्लंडच्या मुलांच्या साप्ताहिकांत लेखक-चित्रकारांची नावे छापण्याची पद्धत सहसा नव्हती. पात्राची मालकी प्रकाशकाची. ‘२००० ए. डी.’चा संपादक म्हणून ‘थार्ग’ नावाचा एक परग्रहावरचा प्राणी कल्पिला होता, आणि त्याच्या हाताखाली यंत्रमानव राबतात अशी थट्टा होती. कलाविभागात काम करणाऱ्या केव्हिन ओनील याने १९७७ मध्येच पुढाकार घेऊन कथेबरोबर एक लहानशी चौकट छापायला सुरुवात केली. तीत लिहिणारा ‘यंत्र’ कोण, चित्र काढणारा ‘यंत्र’ कोण, हे नावानिशी असे. थट्टेच्या आडून का होईना, माणसांची नावे कागदावर आली!

पण नाव मिळाले म्हणजे हक्क मिळाला असे नाही. ॲलन मूर आणि चित्रकार इयन गिब्सन यांची ‘हॅलो जोन्स’ ही एका साध्यासुध्या मुलीची कथा १९८४ ते १९८६ या काळात तीन भागांत आली. पुढचे भाग योजलेले होते; पण हक्कांच्या प्रश्नावर लेखक आणि प्रकाशक यांचे जमले नाही आणि कथा तिथेच थांबली. वाचकांचे नुकसान झाले ते झालेच. सन २००० मध्ये साप्ताहिक ‘रिबेलियन’ या संस्थेने विकत घेतले. ते आजही निघते.

आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांना एक सुचवतो. उद्या इतिहासाचा धडा झाला, की मुलांना विचारा: या धड्यात नाव नसलेले कोण कोण आहे? किल्ल्याचा दगड कुणी वाहिला, खलिता कुणी पोहोचवला, घोड्यांना चारा कुणी घातला? त्यांतला एक जण निवडून तोच प्रसंग त्याच्या तोंडून दहा ओळींत लिहायला सांगा. नायकाला त्यामुळे उणेपणा येत नाही, उलट तो खऱ्या माणसांत उभा दिसतो. आणि मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलाला वाटून जाते, की गोष्ट आपलीही असू शकते.