बँक बुडाली, भरपाई कोणी केली?

एपिसोडमध्ये ग्लासगोच्या बँकेचा उल्लेख दोन मिनिटांत आटोपला. ती गोष्ट इथे जरा नीट सांगतो.

जून १८७८ मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँकेने १२ टक्के लाभांश जाहीर केला. शंभरहून जास्त शाखा, वरवर सगळं झकास. २ ऑक्टोबरला मात्र बँकेची दारं उघडलीच नाहीत. मोजक्या पेढ्यांना लाखो पौंडांची कर्जं दिली होती आणि ती बुडाल्यात जमा होती. ते झाकायला संचालक ताळेबंदात खोटे आकडे घालत होते.

ठेवीदारांचे पैसे परत मिळाले. कुठून? भागधारकांच्या खिशातून! या बँकेत भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती. १०० पौंडांच्या भागामागे आधी ५०० आणि मग आणखी २,२५० पौंड मागितले गेले. १,८१९ भागधारकांपैकी शेवटी जेमतेम २५४ जण तगले, बाकीच्यांचं दिवाळं वाजलं. दुसऱ्याच्या वतीने विश्वस्त म्हणून ज्यांच्या नावावर भाग होते, त्यांनीही स्वतःच्या मालमत्तेतून भरावं, असा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला.

आणि आकडे खोटे करणारे? १८७९च्या सुरुवातीला एडिनबराच्या न्यायालयात सात जण दोषी ठरले. दोघांना १८ महिने, पाच जणांना ८ महिने तुरुंगवास. ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांची घरं गेली, ज्यांना सगळं माहीत होतं ते वर्ष-दीड वर्षात बाहेर.

त्याच वर्षी नवा कायदा आला आणि मोठ्या बँका मर्यादित जबाबदारीकडे वळल्या. भागधारक सुटले. पण मग तोटा पडला तर जाब कोणाला विचारायचा?

ब्रिटनमध्ये याचं ठोस उत्तर यायला १९८६ उजाडलं. कंपनी आता दिवाळखोरीतून वाचत नाही हे संचालकाला कळलं, किंवा कळायला हवं होतं, तिथून पुढे देणेकऱ्यांचं नुकसान कमी करणं हे त्याचं काम. ते केलं नाही, तर कोर्ट त्याच्या खिशातून भरपाई घेऊ शकतं. शिवाय २ ते १५ वर्षं संचालकपदाची बंदी येऊ शकते. भारताच्या २०१६च्या दिवाळखोरी संहितेतही अशीच तरतूद आहे.

यातले ‘कळायला हवं होतं’ हे शब्द महत्त्वाचे. उद्या एखादा मित्र म्हणाला, “नुसता नावाला डायरेक्टर हो, बाकी मी बघतो,” तर सही करण्याआधी हिशेबाची वही मागा.